खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे १९५२ साली झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी मुक्त शैलीच्या कुस्तीत ५७ किलो वजनी गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलो गटात सहावे आले होते. भारताला दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी त्यानंतर ४४ वर्षे आणि कुस्तीतील दुसऱ्या पदकासाठी ५६ वर्षे वाट पाहावी लागली. हे पदक ज्या परिस्थितीत मिळाले आणि मिळाल्यानंतर त्याच्या मानकऱ्याकडे जे दुर्लक्ष झाले, त्यांमुळे जाधव यांचे चरित्र भारतीय क्रीडा व्यवस्थेच्या इतिहासाचाही भाग बनले आहे.

घराणे आणि बालपण

जाधव यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराडलगतच्या गोळेश्वर या गावी शेतकरी कुटुंबात झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नावाजलेले पैलवान होते आणि घरात कुस्ती पिढीजात होती. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरवले असे सांगितले जाते. कृष्णा-कोयनेच्या या काठावर गावोगावी तालमी होत्या. सुगीनंतरच्या जत्रा कुस्तीच्या फडाशिवाय पुऱ्या होत नसत. अशा गावात पैलवानाच्या मुलाने लंगोट लावणे ही नवलाची गोष्ट नव्हती. नवलाची गोष्ट होती ती त्यांची शरीरयष्टी. खाशाबा अंगापिंडाने लहान होते आणि कुस्तीशौकिनांच्या मनातील धिप्पाड मल्लाच्या प्रतिमेत ते बसत नव्हते. पुढे त्यांची जी ख्याती झाली ती चपळाईची, पकडीची आणि ढाक या डावावरील प्रभुत्वाची. ढाक मारताना मल्ल प्रतिस्पर्ध्याची मान व हात जखडतो आणि कमरेच्या हिसक्याने त्याला उलथवून पाठीवर आणतो. त्यात ताकदीइतकाच क्षणाचा अंदाज लागतो, आणि त्यामुळे लहान चणीच्या मल्लालाही तो मोठ्या अंगाच्या गड्यावर चालवता येतो.

त्यांचे शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये १९४० ते १९४७ या काळात झाले. ही वर्षे सातारा जिल्ह्यात मोठ्या धामधुमीची होती. १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथे प्रतिसरकार उभे राहिले होते आणि भूमिगतांना आसरा देणारी घरे गावागावांत होती. विद्यार्थिदशेतील खाशाबांनीही भूमिगत कार्यकर्त्यांना आश्रय देणे, निरोप व पत्रके पोहोचवणे अशी कामे केली.

कोल्हापूर

महाविद्यालयीन शिक्षणासाठी जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेल्या राजाश्रयामुळे कोल्हापूर हे तेव्हा मल्लविद्येचे मोठे केंद्र होते आणि खासबाग मैदानातील कुस्तीकडे साऱ्या दख्खनचे लक्ष असे. येथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

महाविद्यालयातील त्यांच्या प्रवेशाविषयी एक हकीकत नेहमी सांगितली जाते. वार्षिक क्रीडास्पर्धेत नाव नोंदवायला गेलेल्या या किरकोळ अंगाच्या विद्यार्थ्याला क्रीडाशिक्षकांनी परत पाठवले. तो थेट प्राचार्यांकडे गेला, त्यांनी परवानगी दिली, आणि मग त्याने आपल्याहून मोठ्या अंगाच्या स्पर्धकांना अस्मान दाखवले. या प्रसंगातील प्राचार्य खर्डेकर यांचा जाधव यांच्या कारकिर्दीतील वाटा मात्र आख्यायिकेपुरता नाही. चार वर्षांनी त्यांनी जे केले त्याचा उल्लेख पुढे येईल.

राष्ट्रीय पातळीवर जाधव यांचे नाव झाले ते बंगालचे निरंजन दास यांना हरवल्यामुळे. दास हे फ्लायवेट गटातील तेव्हाचे राष्ट्रीय विजेते होते. त्यांच्यावरील विजयामुळे जाधव यांना लंडनचे दार उघडले.

लंडन, १९४८

लंडन ऑलिंपिक २९ जुलै ते १४ ऑगस्ट १९४८ या काळात झाले. स्वतंत्र भारताचा हा पहिलाच ऑलिंपिक सहभाग होता. देशाचा नकाशा त्या वेळी अजून घडत होता: कोल्हापूर संस्थान विलीन व्हायचे होते आणि नांदेड, लातूर ही गावे निजामाच्या राज्यात होती. जाधव यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला.

लंडनमध्ये त्यांना अमेरिकेचे माजी कुस्तीगीर रीस गार्डनर यांच्याकडून मॅटवरील कुस्तीचे धडे मिळाले. आंतरराष्ट्रीय नियमांची पद्धतशीर ओळख करून देणारा मार्गदर्शक त्यांना येथेच पहिल्यांदा लाभला. फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाचे बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचे बिली जर्निगन यांचा पराभव केला. इराणचे मन्सूर रईसी यांच्याकडून मात्र ते हरले आणि अंतिम क्रमवारीत सहावे राहिले.

ही तोपर्यंतची भारतीय मल्लाची ऑलिंपिकमधील सर्वोच्च कामगिरी होती, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते अचूक नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडचेच रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथे आले होते. सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने आणि मदतीने गेलेल्या त्या छोट्या पथकात कुमार नवले हे दुसरे मल्ल होते, आणि बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळवला होता. म्हणजे मराठी मुलखातून ऑलिंपिकपर्यंत जाणारी वाट जाधव यांच्या २८ वर्षे आधी पडली होती. मधल्या काळात ती कोणी राबती ठेवली नाही, एवढेच.

माती आणि मॅट

जाधव यांच्यापुढील अडचण समजण्यासाठी दोन कुस्त्यांमधील फरक लक्षात घ्यावा लागतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत आजही जी कुस्ती पाहायला मिळते, ती मातीची. आखाड्यात तांबडी माती चाळून, तेल-ताक-हळद घालून मऊ केलेली असते. मल्ल लंगोट लावून, अनवाणी उतरतात. पाठ जमिनीला लागली की कुस्ती चीत, आणि ती होईपर्यंत जुन्या प्रथेत वेळेचे बंधन नसे. दमसास, जोर आणि धीर यांची ही परीक्षा. वर्चस्व कोणाचे होते याचा हिशेब पंच ठेवत नाहीत.

ऑलिंपिकमधील मुक्त शैलीची कुस्ती मॅटवर, बूट घालून, ठरावीक मिनिटांत संपते. कुस्ती चीत झाली नाही तर पंच निर्णय देतात. त्या काळी दोषगुणांची पद्धत होती: चीतपट विजयाखेरीज प्रत्येक निकालाला दोषगुण मिळत आणि पाच दोषगुण झाले की मल्ल स्पर्धेबाहेर जाई. दोन किंवा तीन मल्ल उरले की त्यांच्यात अंतिम फेरी होऊन पदके ठरत. साहजिकच येथे नुसते जिंकणे पुरत नाही, कमी वेळात आणि पूर्ण जिंकावे लागते. मातीत पाय रोवता येतो, मॅटवर तो सरकतो. मातीत प्रतिस्पर्ध्याला दमवून शेवटी डाव टाकता येतो, मॅटवर तोवर घंटा होते. भारतातील बहुतेक तालमींत तेव्हा मॅट नव्हता. जाधव यांनी लंडनहून परतल्यावर चार वर्षे याच बदलासाठी मेहनत घेतली, पण त्यांच्या सरावाचा मोठा भाग मातीतच झाला. शिवाय त्यांनी वजनी गटही वाढवला. हेलसिंकीसाठी ते ५२ ऐवजी ५७ किलोच्या, म्हणजे बँटमवेट गटात उतरले.

निवड आणि पैसा

हेलसिंकीसाठीची निवड सरळ झाली नाही. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला हेतुतः एक गुण कमी देऊन निवडीतून वगळण्यात आले, असे जाधव यांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी त्यांना निवड चाचणीत संधी मिळवून दिली आणि त्या चाचणीत जाधव यांनी प्रतिस्पर्ध्याला झटपट चीत केले.

त्यानंतर प्रश्न उरला पैशाचा. निवड झालेल्या खेळाडूने स्वतःचा खर्च स्वतः उभा करावा, अशीच तेव्हाची स्थिती होती. १९४८ साली खर्च उचलणारे संस्थान आता राहिले नव्हते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले होते, आणि जुना आश्रयदाता गेला असला तरी त्याची जागा नव्या सरकारने घेतलेली नव्हती. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे वारंवार विनंत्या करण्यात आल्या, परंतु सरकारकडून गरजेच्या मानाने फारसे काही पदरात पडले नाही.

रक्कम जमली ती अशी. गोळेश्वर व कराड परिसरातील गावकऱ्यांनी वर्गणी काढली. घरच्यांनी शक्य तेवढे दिले. दुकानदारांनी वस्तूंच्या रूपाने मदत केली. आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर कोल्हापूरच्या मराठा बँकेकडे गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. एखाद्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकण्याचा निर्णय कोणत्याही काळात मोठाच. पगारावर जगणाऱ्या प्राध्यापकासाठी १९५२ साली तो किती मोठा होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. त्या वर्षीच्या भारतीय पथकातील सर्वांत मोठा वैयक्तिक धोका कदाचित या गृहस्थांनी पत्करला होता.

हेलसिंकी, १९५२

पंधराव्या ऑलिंपिकचे उद्घाटन १९ जुलै १९५२ रोजी भर पावसात झाले. ज्योत घेऊन मैदानात धावत आले ते ५५ वर्षांचे पाव्हो नुर्मी. १९२० ते १९२८ या तीन ऑलिंपिकमध्ये नऊ सुवर्ण आणि तीन रौप्यपदके मिळवणारे हे फिन्निश दीर्घ पल्ल्याचे धावपटू. मैदानातील ज्योत त्यांनी पेटवली, आणि उंच मनोऱ्यावरची ज्योत पेटवली ती त्यांच्या आधीच्या पिढीचे नायक, ६२ वर्षांचे हानेस कोलेहमाइनेन यांनी. हेच कोलेहमाइनेन १९२० साली अँटवर्पला मॅरेथॉन जिंकले होते, ज्या शर्यतीत फडेप्पा चौगुले धावले.

नुर्मी यांची निवड फिनलंडने जाणीवपूर्वक केली होती. १९३२ साली, लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या तोंडावर, शर्यतींसाठी पैसे घेतल्याचा ठपका ठेवून त्यांना हौशी खेळाडूंच्या यादीतून काढण्यात आले होते. वीस वर्षांनी त्यांच्या देशाने त्यांना जगापुढे पुन्हा उभे केले, तेव्हा ते हयात होते आणि धावू शकत होते. जाधव यांच्या पुढील आयुष्याशी ही गोष्ट ताडून पाहण्याजोगी आहे.

मुक्त शैलीच्या लढती २० ते २३ जुलै या दिवसांत झाल्या. बँटमवेट गटात जाधव यांनी कॅनडाचे एड्रियन पोलिक्वीन आणि मेक्सिकोचे लिओनार्डो बासुर्तो यांना चीत केले आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर गुणांनी विजय मिळवला. अखेरच्या टप्प्यात तिघे उरले: जपानचे शोहाची इशी, सोव्हिएत संघाचे रशीद मामादबेयोव्ह आणि जाधव. जाधव यांना या दोघांविरुद्ध पराभव पत्करावा लागला आणि २३ जुलै रोजी कांस्यपदक त्यांच्या नावावर लागले. सुवर्ण इशी यांना, रौप्य मामादबेयोव्ह यांना मिळाले.

या दोन लढतींच्या मध्ये जाधव यांना नियमानुसार अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती दिली गेली नाही आणि आक्षेप नोंदवायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकथनात नेहमी येते. तिच्यावरून जाधव यांचे सुवर्णपदक हुकले असा निष्कर्षही काढला जातो, पण तेवढे मान्य करणे कठीण आहे. मूळचे जुडोपटू असलेले इशी त्या स्पर्धेत सरसच होते आणि त्यांचे सुवर्ण हे त्या ऑलिंपिकमधील जपानचे एकमेव सुवर्ण ठरले. मामादबेयोव्ह हे प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या सोव्हिएत संघाच्या सुसज्ज पथकातून आले होते. ज्याच्याजवळ पुरेसा मॅट, मालिश करणारा किंवा बाजू मांडणारा अधिकारी नव्हता, अशा मल्लाने या दोघांच्या पाठोपाठ तिसरे यावे, यातच त्या कामगिरीचे मोल आहे.

फेदरवेट गटात कोल्हापूरचेच केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६–१ असा पराभव करून सुवर्ण जिंकले. त्यातील पाच गोल बलबीर सिंग यांचे होते. जगभरचे लक्ष चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक यांच्या धावण्याकडे लागले होते, तर भारताचे हॉकीकडे. एका दिवसापूर्वीचे कांस्यपदक या दोन्हींच्या सावलीत गेले. हॉकीचे सुवर्ण तेव्हा भारताला सवयीचे झाले होते. वैयक्तिक पदक ही किती दुर्मीळ वस्तू आहे, हे कळायला अजून काही दशके जायची होती.

परतल्यावर

जाधव यांचे खरे स्वागत झाले ते गावी. कराड रेल्वे स्थानकावर त्यांना घ्यायला शंभरावर बैलगाड्या आल्या होत्या. ढोल-ताशांच्या गजरात निघालेल्या मिरवणुकीला एरवी थोड्या वेळात कापल्या जाणाऱ्या अंतरासाठी सात तास लागले असे सांगतात. गोळेश्वरचे नाव त्या दिवशी पंचक्रोशीबाहेर गेले.

त्यानंतर जाधव यांनी प्रथम केले ते कर्जफेडीचे काम. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्य खर्डेकरांचे गहाण घर सोडवले. ज्या नियमाखाली नुर्मींना बाद ठरवले गेले, त्याच्या काटेकोर वाचनात फडावरचे इनाम कितपत बसले असते हा विचार मनात येतो. महाराष्ट्रात मात्र इनाम हा कुस्तीचा भागच होता आणि गावोगावच्या मल्लाचा खुराक त्याच्यावरच चाले.

१९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलीस खात्याच्या अंतर्गत स्पर्धांत त्यांनी यश मिळवले आणि क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची तयारी होती, परंतु गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने ती संधी गेली. मॅटवरची त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द वयाच्या तिशीतच संपली.

पोलीस दलात त्यांनी सुमारे २७ वर्षे नोकरी केली आणि सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. ऑलिंपिकमधील त्यांच्या अनुभवाचा देशातील कुस्तीगिरांना उपयोग करून देण्याची संघटित योजना या काळात झाली नाही. दोन ऑलिंपिकमध्ये मॅटवर लढलेला आणि पदक मिळवलेला एकमेव भारतीय मल्ल हाताशी असताना कुस्तीच्या संघटनांनी त्याला दूर ठेवले, हे नुकसान जाधव यांच्याइतकेच भारतीय कुस्तीचेही होते. १९८२ साली दिल्लीत झालेल्या आशियाई स्पर्धांच्या ज्योत दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले. राष्ट्रीय पातळीवर त्यांच्या हयातीत झालेल्या थोड्या गौरवांपैकी हा एक.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ते ५८ वर्षांचे होते. लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक त्याआधी दोनच दिवस संपले होते आणि भारताच्या हाती एकही पदक लागले नव्हते. पी. टी. उषा यांचे ४०० मीटर अडथळा शर्यतीतील कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेले होते. त्याआधी १९६० साली रोममध्ये मिल्खा सिंग चौथे आले होते. या दोन्ही हुकलेल्या पदकांची देशभर चर्चा झाली आणि आजही होते. मिळालेल्या पदकाचा धनी मात्र त्या काळात फारसा कोणाला आठवत नव्हता. त्यांच्या पश्चात पत्नी व कुटुंबीयांनाही मदतीसाठी खेटे घालावे लागले.

पहिले पदक कोणते

जाधव यांचा उल्लेख कधीकधी भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते असा होतो. त्यावर नॉर्मन प्रिचर्ड यांच्या नावाने आक्षेप घेतला जातो. कलकत्त्यात जन्मलेल्या प्रिचर्ड यांनी १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा शर्यत यांत रौप्यपदके मिळवली आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती भारताच्या नावावर मोजते. ते नेमके कोणत्या देशाचे प्रतिनिधी होते याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. म्हणून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते हा जाधव यांचा उल्लेख निर्विवाद ठरतो.

त्यांच्यानंतरचे वैयक्तिक पदक १९९६ साली अटलांटा येथे टेनिसमध्ये लिअँडर पेस यांना मिळाले. कुस्तीत सुशील कुमार यांनी २००८ साली बीजिंगला कांस्य मिळवले. या मधल्या काळात महाराष्ट्राची कुस्ती थांबली नव्हती. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या तालमीत घडले आणि १९७० साली एडिंबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकून आले. मराठवाड्यातील पोराने कोल्हापूरची तालीम गाठायची, हा रिवाज त्यांच्यामुळे अधिक रूढ झाला. पण ऑलिंपिकच्या पदकापर्यंत महाराष्ट्रातील दुसरा मल्ल अद्याप पोहोचलेला नाही.

मरणोत्तर सन्मान

महाराष्ट्र शासनाने जाधव यांना मरणोत्तर शिवछत्रपती पुरस्कार दिला. केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला होता. तो जाधव यांना मिळायला हेलसिंकीनंतर जवळजवळ अर्धे शतक लागले, आणि तोही मरणोत्तर. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांसाठी उभारलेल्या कुस्तीच्या बंदिस्त क्रीडागाराला त्यांचे नाव देण्यात आले.

पद्म पुरस्काराचा प्रश्न अधिक चर्चेत राहिला. कर्णम मल्लेश्वरी, लिअँडर पेस, राज्यवर्धनसिंह राठोड अशा पुढील काळातील ऑलिंपिक पदकविजेत्यांना पद्मश्री मिळाली. जाधव यांना हयातीत कोणताही पद्म सन्मान मिळाला नाही आणि तो मरणोत्तर द्यावा, ही मागणी कुटुंबीय, सातारा-कोल्हापूरकडील कुस्तीप्रेमी आणि लोकप्रतिनिधी सातत्याने करत आले आहेत.

गोळेश्वर येथे त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची कथाही लांबलेली आहे. २००९ साली राज्याच्या तत्कालीन क्रीडामंत्र्यांनी अशा संकुलाची घोषणा केली आणि पुढे त्यासाठी निधीही मंजूर झाला. प्रत्यक्ष काम मात्र रखडले. २०१७ साली कुटुंबीयांनी संकुलासाठी पैसे उभे करता यावेत म्हणून हेलसिंकीचे कांस्यपदक लिलावात काढण्याची तयारी जाहीर केली, तेव्हा या विषयाला देशभर प्रसिद्धी मिळाली. घर गहाण टाकून मिळालेले पदक ६५ वर्षांनी स्वतःच विक्रीला निघण्याची वेळ आली होती.

१५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या ९७ व्या जयंतीनिमित्त, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय घेतला. २०२४ पासून हा दिवस राज्यभर पाळला जातो.